गोळी लपवू नका, तपासणी चुकवू नका



मला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार आहे. गेली 19 वर्षे मी लिथियम घेते. या गोळीने माझी नोकरी, घर आणि जीव राखला. याच गोळीने माझ्या मूत्रपिंडांची ताकदही घटवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी 1949 मध्ये लिथियमचा उन्मादावरचा उपयोग जगापुढे मांडला. आत्महत्येचा धोका कमी करणारे औषध म्हणून आजही त्याला मान आहे. पण ते शरीराबाहेर पडते ते जवळजवळ सगळे मूत्रपिंडांतूनच. मूत्रपिंड त्याला मिठातल्या सोडियमसारखेच वागवते. अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले, की सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवते आणि रक्तातले प्रमाण वाढते.

नुकसान दोन तऱ्हेचे होते. एक, मूत्रपिंडांची पाणी राखण्याची क्षमता घटते. सारखी तहान लागते, रात्री लघवीला अनेकदा उठावे लागते. दुसरे सावकाश होते. दहा-वीस वर्षांच्या वापरानंतर काही रुग्णांच्या मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिका खराब होतात. यात काही दुखत नाही. कळते ते फक्त रक्ततपासणीत. सगळ्यांना हे होत नाही आणि डायलिसिसपर्यंत थोडेच पोहोचतात.

आता लाजेबद्दल बोलते. आपल्याकडे या आजाराला कुणी ‘असर’ म्हणतात, कुणी नखरे. मग सासरी कळू नये म्हणून गोळी कपाटात लपते. गुडघे दुखले, तर दवाखान्यातही लिथियमचे नाव घेतले जात नाही. तिथे आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मिळते. रक्तदाबासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारी थायझाइड गोळी सुरू होते. या औषधांनी लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

उपाय साधा आहे. साधारण दर सहा महिन्यांनी लिथियमची पातळी, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियम तपासावे. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यावे. रमजानचे रोजे धरायचे असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे; ती घेण्यात कमीपणा नाही.

माझ्या मूत्रपिंडांची कार्यक्षमता दाखवणारा ईजीएफआर काही वर्षांत 61 वरून 48 वर आला. मानसोपचारतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांच्याशी बोलून आम्ही मात्रा कमी केली. गोळी अचानक बंद केली तर उन्माद उसळून येतो, म्हणून ती चालू ठेवली. पुढे आकडा आणखी घसरला, तर हळूहळू दुसऱ्या औषधाकडे वळू. हा निर्णय मी समजून-उमजून घेतला आहे. तो घेता आला, कारण माझ्या हातात दर वेळचे रिपोर्ट होते.

तुमच्या घरात कुणी लिथियम घेत असेल, तर त्यांना ‘अजून गोळ्या खातेस?’ असे विचारू नका. ‘शेवटचे रक्त कधी तपासले?’ असे विचारा आणि तपासणीला सोबत जा.