वेणी कोणाची, चप्पल कोणाची?



खेड्यातल्या बायका आणि शहरातले डिझायनर एकत्र बसून वस्तू घडवतात, त्याबद्दल आज मी बोलणार आहे. सुरुवात मात्र येलवालपासून करते. म्हैसूरहून हुणसूरकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ या दोन दिवशी इथे ग्रामदान परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते, पंडित नेहरू आले होते, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपादही आले होते. आणि या सगळ्यांना एकत्र बसवणारा माणूस होता आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा. विनोबा. ग्रामदानाची कल्पना तशी साधी होती. जमिनीची मालकी गावाची, आणि कसायचं ज्याच्या त्याच्या कुटुंबाने.

पुढे ग्रामदानाचं काय झालं, तो आजचा विषय नाही. मला त्यातली एक सवय घ्यायची आहे. मालकी वेगळी आणि कष्ट वेगळे, अशा दोन बाजूंनी एकाच गोष्टीकडे बघायची सवय. जमिनीच्या बाबतीत मालक कोण आणि कसणारा कोण, हे आपण लगेच विचारतो. हातातल्या कसबाबद्दल विचारत नाही. विचारून बघू. त्यासाठी याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल, अथणीला.

अथणी म्हणजे बेळगाव जिल्ह्यातला सीमेवरचा तालुका. कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारा. आपण जिला कोल्हापुरी म्हणतो ती चप्पल इथेही पिढ्यान्‌पिढ्या होते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात आठ जिल्हे आले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून आपण इतकी वर्षं भांडतोय, पण चपलेने तो प्रश्न कधीच मिटवून टाकला होता!

आता ही चप्पल कशी होते ते बघा. कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा. तळ जाड कातड्याचा, वरचा पट्टा मऊ कातड्याचा. शिवण कातड्याच्याच वादीने, खिळा नाही. आणि पट्ट्यावर ती बारीक वेणी. कातड्याच्या पातळ पट्ट्या कापायच्या आणि केसांची वेणी घालावी तशा गुंफायच्या. परंपरेने कातडं कापणं, तळ बसवणं हे पुरुषांचं काम. पट्टा शिवणं, वेणी घालणं, नक्षीची भोकं पाडणं, गोंडा लावणं हे घरातल्या बायकांचं. दुकानात तुम्ही चप्पल हातात घेता आणि म्हणता, काय सुंदर आहे हो! ते सुंदर म्हणजे बहुतेक वेळा बायकांच्या हातचं असतं. पण कारागीर कोण असं विचारलं तर नाव पुरुषाचं येतं. बाई ‘मदत करते’. कच्चा माल व्यापाऱ्याकडून उचल घेऊन आणायचा आणि तयार जोड त्याच्याच भावाने त्यालाच द्यायचे, असा व्यवहार. त्यात बाईला ना भाव ठरवता येत, ना नमुना.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अथणीत एक काम सुरू झालं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने देशात चर्मोद्योगासाठी एक योजना चालली होती. तिच्या आधाराने बंगळूरच्या ‘असेंट’ या संस्थेने, मधुरा छत्रपती यांच्या पुढाकाराने, इथल्या बायकांचे बचतगट बांधले. त्यातून ‘टोहोल्ड’ नावाची कारागिरांची सामायिक संस्था उभी राहिली आणि अथणीची चप्पल स्वतःच्या नावाने परदेशात जाऊ लागली. टोहोल्ड म्हणजे पाऊल टेकवण्यापुरती जागा. चपलेसाठी याहून चांगलं नाव मला तरी सुचलं नसतं.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. गट, बचत, कच्च्या मालाची खरेदी ही एक बाजू उभी राहत होती म्हणून डिझायनरच्या येण्याला अर्थ होता. नाहीतर काय होतं, ते आपण सगळीकडे बघतो. पंधरा दिवसांची कार्यशाळा. शहरातून कोणीतरी येतं, वीस नमुने होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात. नमुने कपाटात जातात आणि बाई परत जुन्याच दराने जुनंच काम करते. कला कुठलीही असो, वारली, गोधडी, बांबू, त्या वीस नमुन्यांत मोबाईलचं पाकीट हमखास असतं. का कोण जाणे!

डिझाइन म्हणजे नवा रंग, नवी नक्षी, असं आपण धरून चालतो. चपलेचा खरा प्रश्न तो नव्हता. नक्षी तिथे भरपूर होती. प्रश्न मापाचा होता. पारंपरिक कारागीर पायाकडे बघून अंदाजाने कापतो, आणि गावच्या गिऱ्हाइकाला ते चालतं. दूरच्या दुकानाला मात्र एकाच मापाचे दोनशे जोड हवे असतात, आणि दोनशेही सारखे. डाव्या पायाची वेणी जाड आणि उजव्या पायाची बारीक, असं चालत नाही. अंगठा नव्या पायाला चावतो, त्याचंही काहीतरी करायला हवं. हे प्रश्न कागदावर चित्र काढून सुटत नाहीत. कातडं पावसाळ्यात किती ताणतं, वेणी किती आवळली की तुटते, हे घालणारीलाच ठाऊक. डिझायनरला मापाची शिस्त माहीत, तिला कातड्याचा स्वभाव माहीत. दोघींनी मिळून केलं तरच जोड नीट होतो. म्हणून त्या नमुन्यावर दोघींचा हक्क आहे, असं मी म्हणते.

हक्काचा विषय निघालाच आहे तर प्राडाबद्दल बोलू. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका शोमध्ये या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. नाव दिलं, चामड्याच्या सँडल. आपल्याकडे गदारोळ झाला आणि कंपनीने चपलांची प्रेरणा कुठली, ते मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या ‘लिडकॉम’ आणि कर्नाटकच्या ‘लिडकर’ या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथे बनवायचे आणि किंमत एका जोडीला ८०० युरोच्या आसपास, असं जाहीर झालं. राग आला ते बरोबरच होतं. पण रागात आपण सगळे ‘आमची कोल्हापुरी’ म्हणत होतो. या ‘आमची’मध्ये वेणी घालणारी कुठे बसते?

कायदा काय म्हणतो बघा. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९चा. तो नावाचं रक्षण करतो. नक्षी उचलून दुसऱ्या नावाने विकली तर तो फारसा काही करू शकत नाही. कोल्हापुरीचं मानांकन या दोन महामंडळांच्या नावावर आहे, आणि कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते. आता गंमत ऐका. या कायद्यात हस्तकलेचा ‘उत्पादक’ कोण? वस्तू बनवणारा. आणि तिचा व्यापार करणारासुद्धा. म्हणजे उचल देणारा व्यापारी कायद्याने उत्पादक ठरू शकतो. वेणी घालणारी बाईही उत्पादकच आहे, पण अर्ज करेल तेव्हा. तो अर्ज बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाने भरला जातो, कारण कारागीर म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येतो.

तुमच्यापैकी कोणी निपाणीत, मिरजेत, सावंतवाडीत, किंवा येलवालच्या आसपास बायकांच्या गटाबरोबर काम करत असेल, तर पुढच्या वेळी तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. नमुना करण्याच्या दिवसांची मजुरी द्यायची, नमुना फसला तरी द्यायची. तो फसणं हा शिकण्याचा खर्च आहे आणि तो तिच्या डोक्यावर टाकायचा नाही. नमुन्याच्या वहीत डिझायनरच्या नावाशेजारी तिचं नाव लिहायचं. आणि कोल्हापुरी असेल तर वापरकर्त्याचा अर्ज दोन नावांनी भरायचा, तळ कापणाऱ्याच्या आणि वेणी घालणारीच्या, दोन स्वतंत्र अर्ज. त्याला कायद्याची आडकाठी नाही.