सर्पगंधा आणि मेंदूतील संदेशवाहक द्रव्ये

(आरोग्यसेवकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



“झाडपाल्याचे औषध आहे, अपाय कसला होणार?” हे वाक्य आपण गावोगाव ऐकत असाल. त्यासाठीच आज मी सर्पगंधेविषयी बोलावयाचे ठरविले आहे.

वेड व निद्रानाश यांवर सर्पगंधेच्या मुळ्या आपल्याकडे पूर्वापार दिल्या जात. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील तिच्या गुणांविषयी लेख प्रसिद्ध केला. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिची चाचणी घेतली. त्यांचा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

हे द्रव्य करते तरी काय? एक चेतापेशी दुसरीस निरोप धाडते तो रसायनांच्या द्वारे. सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही त्यांपैकी काही. पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत त्यांचा साठा असतो. रेसर्पिन या पिशव्या भरणारी यंत्रणाच बंद पाडते. बाहेर उरलेले द्रव्य पेशीतील विकर नष्ट करतात आणि कोठार रिते होते. रक्तदाब उतरतो, चित्त शांत होते ते यामुळेच. परंतु मात्रा वाढली की त्याच कारणाने उत्साह मावळतो, खिन्नता येते, हालचाली मंदावतात. औषध थांबविले तरी कोठार पुन्हा भरण्यास कित्येक दिवस लागतात. गुण आणि दोष येथे एकाच मुळीचे आहेत.

१९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिनमुळे निपचित पडलेल्या सशांना डोपा हे द्रव्य टोचले. मेंदू यापासूनच डोपामिन बनवितो. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले! कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाची वाट येथून निघाली; कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकही मिळाले. गंमत अशी की, ज्या खाजकुहिलीच्या शेंगेपासून आपण मुलांना दूर ठेवतो, तिच्या बियांत हेच द्रव्य असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखविले होते.

आता आपल्या कामाचे बोलू. लेव्होडोपा घेणाऱ्या रुग्णाने सर्पगंधेची गोळी घेतली, तर एक औषध दुसऱ्याचे काम मोडते. खाजकुहिलीचे चूर्ण घेतले, तर डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मात्रेत न मोजलेली भर पडते. मळमळ होते, उभे राहताना भोवळ येते, अंगाच्या अनावर हालचाली सुरू होतात. म्हणून “कोणती औषधे घेता?” एवढेच विचारून थांबू नका. चूर्ण, काढे यांना आपली माणसे औषधांत धरीतच नाहीत. घरात ज्या काही पुड्या, डब्या असतील त्या समोर आणावयास सांगा आणि केंद्रातील डॉक्टरांना दाखवा.