रेव्हरंड निकल्स रॉय आणि डोंगरातलं स्वराज्य



भारताच्या संविधानातल्या सहाव्या अनुसूचीमागे एका खासी धर्मोपदेशकाची चिकाटी आहे. त्यांचं नाव जेम्स जॉय मोहन निकल्स रॉय. महाराष्ट्रात ते फारसं कुणाच्या कानावर नाही, म्हणून आजचं व्याख्यान त्यांच्यावर.

त्यांचा जन्म 1884 चा, आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांच्या दक्षिण उतारावरच्या शेल्ला गावचा. खाली सिल्हेटचं मैदान, वर चेरापुंजी. वेल्श मिशनरी या टेकड्यांत 1841 मध्येच आले होते. निकल्स रॉय कलकत्त्याला शिकून पदवीधर झाले आणि पुढे 'चर्च ऑफ गॉड'चे खासी टेकड्यांतले पुढारी झाले. आसामच्या विधिमंडळात ते 1920 च्या दशकातच पोचले, 1946 साली गोपीनाथ बार्दोलोईंच्या मंत्रिमंडळात होते आणि संविधान सभेतही आसामचे सदस्य म्हणून बसले.

1947 साली बार्दोलोईंच्या अध्यक्षतेखाली ईशान्येच्या आदिवासी प्रदेशांसाठी उपसमिती नेमली गेली. निकल्स रॉय तिचे सदस्य होते, आदिवासी सेवक ठक्करबाप्पाही होते. डोंगराडोंगरांत जाऊन समितीनं लोकांचं म्हणणं ऐकलं. त्यातून स्वायत्त जिल्हा परिषदांची कल्पना पुढे आली. जमीन, राखीव नसलेलं जंगल, झूम म्हणजे फिरती शेती, गावसमित्या, वारसा, विवाह या विषयांवर डोंगरातल्या लोकांनी स्वतः कायदे करावेत, न्यायही आपल्या रीतीनं द्यावा, ही तिची मांडणी.

सप्टेंबर 1949 मध्ये या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या सहाव्या अनुसूचीवर संविधान सभेत कडाक्याची चर्चा झाली. आसामचेच कुलधर चलिहा म्हणाले, यातून देशात फुटीरपणा वाढेल. निकल्स रॉय यांचं उत्तर असं होतं, की सरहद्दीवरची माणसं बळानं आपली होत नाहीत, विश्वासानं होतात. आणि खासींच्या दरबारात, म्हणजे लोकांच्या सभेत, लोकशाही पूर्वापार आहे. मसुदा मांडणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही अनुसूची ठामपणे उचलून धरली.

इथे मला थांबावंसं वाटतं. खासी समाजात वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. ख्रिस्ती झालेले आणि जुना धर्म पाळणारे खासी एकाच गावात, एकाच कुळात नांदतात. अशा समाजातल्या चर्चच्या पुढाऱ्यानं घडवलेल्या व्यवस्थेत ख्रिस्ती माणसाला वेगळी सवलत नाही. अधिकार आहे तो ख्रिस्ती असो वा नसो, साऱ्या डोंगरी समाजाचा. श्रद्धा उघडपणे बाळगणारा माणूस राजकारणात कसा वागू शकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

त्यांना विरोध घरूनही झाला. खासी संस्थानांना याहून अधिक स्वायत्तता हवी होती, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्या आक्षेपात तथ्य होतं. 1959 मध्ये निकल्स रॉय गेले. पुढच्याच वर्षी वेगळ्या डोंगरी राज्याची चळवळ संघटित झाली, त्यांचे पुत्र स्टॅन्ली तिच्या नेत्यांपैकी एक होते, आणि 21 जानेवारी 1972 रोजी मेघालय पूर्ण राज्य झालं.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्या गडचिरोली, नंदुरबारचा बराचसा भाग पाचव्या अनुसूचीत येतो. तिथे मुख्य अधिकार राज्यपालांचा, आदिवासी सल्लागार परिषदेचं काम सल्ल्याचं. ग्रामसभेला हक्क देणारा पेसा कायदा यायला 1996 साल उजाडलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावानं आपल्या जंगलाचा कारभार हाती घेऊन दाखवला, तेव्हा निकल्स रॉय यांचं म्हणणं ईशान्येच्या डोंगरांपुरतं नव्हतं हे सिद्ध झालं. ज्याचं जंगल त्याला कारभाराची अक्कल असते, हे आता आपल्या ग्रामसभांच्या बाबतीत आपण मानणार आहोत का? मानायचं असेल, तर पेसाचे अधिकार कागदावरून गावाच्या हाती देण्याची मागणी शहरातल्या श्रोत्यांनीही केली पाहिजे.