उघड्या टपाची जुनी मोटार आणि तिचा धनी

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेस थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे एक जुने गाव आहे. तेथील एम्. जी. कारखान्यातून १९६२ साली 'एम्. जी. बी.' ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार बाहेर पडली. १९८० साली तो कारखाना बंद झाला, तोवर या मोटारी, त्यांची बंद टपाची भावंडे धरून, पाच लाखांहून अधिक तयार झाल्या होत्या. त्यांपैकी हजारो आजही रस्त्यावर आहेत, आणि याचे श्रेय कारखान्याइतकेच आपल्या घरच्या पडवीत, बाह्या सरसावून, हात काळे करून घेणाऱ्या मालकांनाही द्यावयास हवे.

या छंदाला आता एक गंभीर बाजू आली आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारींची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. परंतु मे २०१८ पासून, मूळ स्वरूपात फारसा बदल न झालेल्या चाळीस वर्षांवरील मोटारींना तीतून सूट मिळाली. मालकास ही सूट म्हणजे सवलत वाटते. वस्तुतः ती जबाबदारी होय. पूर्वी वर्षातून एकदा तरी एखादा त्रयस्थ माणूस मोटारीखाली दिवा घेऊन जात असे. आता मालक गेला तरच कोणी जाणार.

खाली गेल्यावर त्याने प्रथम काय पाहावे? इंजिन नव्हे, पत्रा पाहावा. या मोटारीस वेगळी लोखंडी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट. बुटांच्या खोक्याचे झाकण काढले म्हणजे खोके कसे हातात पिळवटते, ते ध्यानात आणावे. टप नसलेल्या मोटारीचे तसेच आहे. छपराने उचलावयाचा भार दारांच्या उंबऱ्याखालून जाणाऱ्या दोन पोकळ पेट्यांवर येतो. चाकांनी उडविलेला चिखल आणि हिवाळ्यात तिकडच्या रस्त्यांवर पसरलेले मीठ या पेट्यांत शिरते, पाणी निघून जाण्याची बारीक छिद्रे बुजतात, आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरचा रंग तोवर आरशासारखा चकचकीत असतो! विकणाऱ्याने लांबी भरून वर रंग फासला असेल तर डोळ्यांना काहीच कळत नाही. तेथे साधे लोहचुंबक फिरवावे. लांबीवर ते चिकटत नाही. दार आणि मागचा पत्रा यांमधील फट खाली रुंद आणि वर चिंचोळी दिसली, तर मोटार मध्ये खचू लागली असे समजावे.

अशी कुजलेली पेटी कापून नवी वेल्डिंगने बसविणे घरीही साधते, पण घाईत मात्र मुळीच नाही. दाराच्या मोकळ्या जागेत आडवा लोखंडी गज जोडून सांगाडा बांधून घ्यावा लागतो, एका वेळी एकच बाजू कापावी लागते, आणि मोटारीचे वजन तिच्या चाकांच्या जागीच पेलून धरावे लागते. हे न करता पत्रा कापला, तर सांगाडा वाकतो, नवी पेटी त्या वाकड्या स्थितीतच जोडली जाते, आणि मग ते दार जन्मभर नीट लागत नाही. १९८८ पासून मूळ साच्यांवर दाबून काढलेले कोरे सांगाडेही विकत मिळू लागले. तरीही बहुतेक मालक आपला जुनाच सांगाडा जोडत बसतात. त्यांना खुळे म्हणण्याचे धैर्य होत नाही.

इंजिन त्या मानाने गरीब स्वभावाचे आहे. १७९८ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, आठ झडपांचे. झडपांची फट इंचाचे पंधरा हजारांश ठेवावयाची, आणि कोणती झडप केव्हा तपासावी यासाठी नऊची बेरीज मनात धरावयाची: आठवी पूर्ण उघडी असता पहिली तपासावी, सातवी उघडी असता दुसरी. शाळकरी मुलासही जमावे असे हे गणित. पाने मात्र इंची मापाचेच हवेत. अर्ध्या इंचाच्या चाकीला तेरा मिलिमीटरचा पाना लागल्यासारखा वाटतो आणि ऐन जोराच्या क्षणी घसरून चाकीचे कोपरे गोल करतो. सोबत बोटांची सालेही जातात.

खरी गंमत आहे ती दोन एस. यू. कार्ब्युरेटरांची. दोघांतून सारखीच हवा आत गेली पाहिजे. हे पाहण्यासाठी आधी त्यांना जोडणारा दांडा सैल करावयाचा, मग रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी न्यावयाचे. एकाचा फूत्कार मोठा, दुसऱ्याचा बारीक आला, तर स्क्रू किंचित फिरवावयाचे, आणि तंबोऱ्याच्या तारा जुळवाव्यात तसे दोन्ही स्वर एक करावयाचे. मग पेट्रोलचे प्रमाण. कार्ब्युरेटरातील दट्ट्या केसभर उचलावा. इंजिनाची गती वाढून तशीच राहिली तर पेट्रोल अधिक होते. गती एकदम पडली तर कमी. क्षणभर चढून पूर्ववत झाली तर प्रमाण बरोबर.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २००० सालापासून ब्रिटनमधील पंपांवरून शिसेयुक्त पेट्रोल गेले, त्यामुळे झडपांच्या बैठका कठीण धातूच्या बसवून घेणे इष्ट ठरले. २०२१ मध्ये तेथील साध्या पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत गेले, आणि भारतात २०२३ पासून वीस टक्क्यांचे मिश्रण विक्रीस आले. जुन्या रबराच्या नळ्या इथेनॉलाने मऊ पडतात, तडकतात; तापलेल्या इंजिनावर त्यांतून पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीलाच आमंत्रण. नळ्या बदलण्यास खर्च थोडा, पण तो पुढे ढकलण्याची मनुष्याची हौस दांडगी!

विजेच्या तारांविषयी एवढेच, की १९६७ पूर्वीच्या मोटारींत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे. हे विसरून नवे उपकरण जोडले, तर ते तत्क्षणी जळते.

सर्वांत अधिक सावधपण ब्रेकांना हवे. आरंभीच्या मोटारींत चारही चाकांना मिळून ब्रेकतेलाचा एकच मार्ग असे. एक नळी फुटली की पायाखालचा दट्ट्या थेट तळाला. या रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बुजतात. ब्रेकतेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, आणि ते रंगावर सांडू देऊ नये, कारण रंग सोलून निघतो. या कामासाठी मोटारीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये. भक्कम घोड्या लावाव्यात, मोटार हाताने जोराने हलवून पाहावी, मगच डोके आत घालावे.

काम संपल्यावर पहिली फेरी घराजवळच्या निर्जन रस्त्यावर, संथ गतीने मारावी. थांबून चारही चाकांमागे वाकून तेलाचा ओघळ आहे का ते बघावे. परतताना पाऊस लागला तर टप तसाच चढवून ठेवावा. ओला टप दुमडून मागे कोंबला की तो आक्रसतो, आणि पुढच्या पावसात समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत पोहोचत नाही.