गोंदणातली स्वातंत्र्यदेवी

आपल्या आज्यांच्या हातावर तुळस असायची, विंचू असायचा. अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात, 'डेअरडेव्हिल टॅटू' नावाच्या गोंदणाच्या दुकानातच छोटंसं संग्रहालय आहे. जुनी यंत्रं, नमुन्यांचे रंगीत कागद, सगळं जपलेलं. आम्हाला तर हेवाच वाटला. आपल्या गोंदणाऱ्या बायांचे नमुने कुणी जपले?

त्या शहराच्या बंदरात मशाल धरलेली स्वातंत्र्यदेवी १८८६ पासून उभी आहे. १९२४ मध्ये ती राष्ट्रीय स्मारक झाली. खलाशी, सैनिक तिला अंगावर गोंदवून घेत. विजेवरच्या गोंदणयंत्राचं पेटंटही तिथल्याच सॅम्युअल ओ'रायली यांनी १८९१ मध्ये घेतलं. आपल्या जत्रेत घर्र घर्र करतं ना, ते त्याच जातीचं.

पण त्याच शहरानं १९६१ मध्ये गोंदणावर बंदी घातली, कारण दिलं काविळीचं. बंदी उठली १९९७ मध्ये. एकाची सुई दुसऱ्याला टोचली की रक्तातून कावीळ जाते, एचआयव्हीही जाऊ शकतो. म्हणून आम्ही गटात ठरवलंय: पोरीला गोंदायला बसवायचं तर सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, रंगही वेगळ्या झाकणात ओतलेला हवा. गोंदणारा कुरकुरला, तर पोरीला घेऊन सरळ उठायचं.