चव्हाट्याचा प्रश्न चव्हाट्यावरच



चार वाटा जेथे एकत्र येतात त्या स्थळाला आपल्या भाषेने ‘चव्हाटा’ म्हटले आणि त्याच शब्दावरून ‘चव्हाट्यावर आणणे’ हा वाक्प्रचार रूढ केला, यात आपल्या पूर्वजांची नगरविषयक दृष्टी साठवलेली आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. घराच्या चार भिंतींत, कचेरीच्या बंद दालनात किंवा दोघातिघांच्या खाजगी समझोत्यात जे झाकून ठेवता येते ते चव्हाट्यावर आले की झाकून राहत नाही, कारण चव्हाटा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. तेथे सावकार आणि हमाल, वरात आणि प्रेतयात्रा, शाळेत जाणारे मूल आणि कोर्टात तारखेला आलेला कास्तकार या सर्वांची वहिवाट सारखीच असते. कोकणातील कित्येक गावांत चव्हाट्याला देवस्थानाचा मान आहे आणि गावाचे गाऱ्हाणे तेथे घातले जाते. असा हा सर्वांचा चव्हाटाच जेव्हा दुकानांच्या गाळ्यांसाठी कोणाच्या तरी पदरात घालण्याचे घाटते, आणि तो व्यवहार नेमका चव्हाट्यावर न येता कागदोपत्री उरकतो, तेव्हा नागरिकांनी काय करावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपले बालाघाट नगर या प्रश्नापासून दूर नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील बुढा या लहानशा गावाला 1867 साली नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण करण्यात आले, आणि तेव्हापासून गोंदिया, वारासिवनी, सिवनी आणि बैहर या दिशांकडून येणारे रस्ते येथे येऊन मिळू लागले. भरवेली आणि उकवा येथील मँगनीज, राईस मिलांचे धान आणि तांदूळ, जंगलातला बांबू आणि सागवान, आणि आठवड्याच्या बाजाराला येणारी खेड्यापाड्यांतील माणसे, या सर्वांना या नगराच्या चौकांतूनच वाट काढावी लागते. काली पुतली चौक, हनुमान चौक, आंबेडकर चौक ही नावे आपल्या तोंडी पत्त्यासारखी बसलेली आहेत. दवाखाना कोठे, वकिलाचे घर कोठे, हे सांगताना आपण रस्त्याचे नाव सांगत नाही, चौकाचे सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी चौक हे एक प्रकारचे सार्वजनिक अंगण असते, आणि अंगणावर डोळा ठेवणारे नेहमीच असतात, कारण जेथे माणसांचा राबता अधिक तेथे गाळ्याचे भाडे अधिक, हा हिशेब समजायला विशेष विद्वत्ता लागत नाही.

या हिशेबात एक रक्कम मात्र कधीच मांडली जात नाही. चार रस्ते जेथे साध्या रीतीने मिळतात तेथे वाहनांचे मार्ग एकमेकांशी बत्तीस ठिकाणी संघर्षात येतात असे रहदारीचे शास्त्र सांगते: सोळा ठिकाणी ते एकमेकांना छेदतात, आठ ठिकाणी एकत्र मिळतात आणि आठ ठिकाणी फुटून वेगळे होतात. पायी चालणाऱ्यांची गणती यात नाही. अशा जागी चौकाच्या अगदी तोंडाशी व्यापारी संकुल उभे राहिले म्हणजे त्याच्या फाटकातून आत-बाहेर करणारी वाहने संघर्षाची नवी स्थळे निर्माण करतात, गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, कडेचा पायी चालणारा रस्त्यात उतरतो, आणि जो ट्रक पूर्वी सावकाश का होईना पण निघून जात होता तो आता अडतो. गाळ्याचे भाडे नगरपालिकेच्या जमाखर्चात दिसते; म्हाताऱ्या माणसाने रस्ता ओलांडण्याचे सोडून दिले ही गोष्ट कोणत्याही खातेवहीत दिसत नाही.

बाजाराच्या इमारतीला विरोध म्हणजे प्रगतीला विरोध, असा आरोप या प्रसंगी हमखास होतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस फार दूर जावे लागत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात ते उत्तर एका थोर पुरुषाने देऊन ठेवले आहे. महात्मा जोतीराव फुले हे 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात विकली जात असे. तो बाजार हलवून भव्य पक्की मंडई बांधावी असा विचार जेव्हा पुढे आला, तेव्हा जोतीरावांनी त्या खर्चाला विरोध केला. इतका पैसा मंडईच्या इमारतीत घालण्याऐवजी तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते, आणि हरि रावजी चिपळूणकर हे सभासद त्यांच्या बाजूला उभे राहिले. हा विरोध अज्ञानाचा नव्हता. जोतीराव स्वतः बांधकामाच्या ठेकेदारीत मुरलेले होते, खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी सामान पुरविले होते, भाजीच्या व्यापाराशीही त्यांचा संबंध होता. दगड, चुना, मजुरी आणि नफा यांचे गणित सभागृहातील इतर कोणाहीपेक्षा त्यांना अधिक उलगडलेले होते. तरीही, किंवा त्यामुळेच, ही इमारत कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी, हा प्रश्न त्यांनी विचारला. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुण्यातील स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावालाही एकट्याने विरोध करणारा हाच सभासद होता.

जोतीरावांचा मतप्रवाह त्या वेळी हरला. मंडई बांधली गेली, 1886 साली ती उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव देण्यात आले. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव लाभले याचे अनेकांना नवल वाटते. मला मात्र त्यात योग्य न्याय दिसतो. मंडई आज पुण्याचे भूषण आहे आणि तिच्या अष्टकोनी मनोऱ्याखाली पिढ्यानपिढ्या माणसांनी पोट भरले आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तथापि इमारत चांगली निघाली म्हणून तो प्रश्न विचारणे चुकीचे ठरत नाही. आपल्या ग्रंथालयाला पुस्तके नसताना आणि शाळेचे छप्पर गळत असताना चौकात गाळ्यांची रांग उभारण्याचा ठराव मंजूर होतो, तेव्हा जोतीरावांचा तो प्रश्न विचारणारा निदान एक सभासद आपल्या सभागृहात असावा, एवढीच माझी इच्छा आहे.

जोतीरावांना न्यायालयात जावे लागले नाही. आपल्या काळात मात्र असे वाद न्यायालयाच्या पायरीवर गेले आहेत, आणि त्यांतील एक तरी प्रत्येक नगरवासीयाने ध्यानात ठेवावा असा आहे. लखनौच्या अमीनाबाद या गजबजलेल्या बाजारपेठेत झंडेवाला पार्क नावाचे एक जुने उद्यान आहे, स्वातंत्र्यलढ्यातील सभांची स्मृती जपणारे, दाटीवाटीच्या वस्तीला श्वास घेण्यापुरती मोकळीक देणारे. 1993 साली तेथील महापालिकेने त्या उद्यानाच्या पोटात भूमिगत बाजार बांधण्याचा करारनामा एका बांधकाम कंपनीशी केला. निविदा मागविल्या नाहीत, स्पर्धा होऊ दिली नाही, आणि दुकाने विकून पैसा घेण्याचा अधिकार जवळजवळ संपूर्णपणे त्या कंपनीच्या हाती सोपविला. नागरिक उच्च न्यायालयात गेले. 1994 मध्ये करार रद्द झाला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. आणि 26 जुलै 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की उद्यान ही महापालिकेची खाजगी जिंदगी नव्हे, ती लोकांसाठी सांभाळावयाची ठेव आहे, महापालिका तिची विश्वस्त आहे, आणि म्हणून खाली बांधलेला बाजार पाडून उद्यान पूर्ववत करावे. आधीच कोंडलेल्या भागात आणखी एक बाजार उभा केल्याने गर्दी वाढेल, हा नागरिकांचा साधा अनुभवही न्यायालयाने मोलाचा मानला.

या निकालाने मला समाधान मिळाले तितकेच दुःखही झाले. सहा वर्षे गेली. उद्यान खणले गेले, पैसा मातीत गेला, आणि जे एका सभेत थांबविता आले असते त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला हात घालावा लागला. याच्याही पूर्वी, 1974 साली, उडुपीच्या एका रहिवाशाने असाच लढा दिला होता. नगररचना योजनेनुसार निवासासाठी राखलेल्या भागात प्रथम मंगलकार्यालय आणि व्याख्यानगृह म्हणून परवानगी घेतली गेली आणि नंतर त्याच इमारतीचे चित्रपटगृह करण्यास नगरपालिकेने मंजुरी दिली. ठराव बेकायदेशीर असल्याचे उच्च न्यायालयाने मानले, परंतु मालकाचा खर्च झालेला आहे म्हणून तो मोडण्याचे टाळले. सर्वोच्च न्यायालयाने ती सबब फेटाळली: कायद्याबाहेर दिलेली मंजुरी खर्चामुळे कायदेशीर होत नाही. ‘आता बांधून झाले, आता काय करणार’ हे जे वाक्य आपण प्रत्येक चौकात ऐकतो त्याला हे कायमचे उत्तर आहे.

आणि नगरपालिकेकडे पैसा नाही, गाळे बांधल्याखेरीज पगार कसे द्यावेत, ही कैफियत? तिचा मी अनादर करीत नाही, कारण लहान नगरांची आर्थिक ओढाताण खरी आहे. परंतु आपल्याच मध्यप्रदेशातील रतलामच्या न्यू रोड भागातील रहिवाशांनी उघडी गटारे आणि दुर्गंधी यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली आणि तो वाद 1980 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नगरपालिकेचे दारिद्र्य हे कर्तव्यातून सुटण्याचे कारण मानले नाही. जे गटारांना लागू तेच मी चौकाला लागू समजतो: तिजोरी रिकामी आहे म्हणून नागरिकाचा चालण्याचा रस्ता विकता येत नाही. शिवाय अशा विक्रीतून आलेला पैसा टिकतोच असेही नाही. औषधपाण्यासाठी आपण ज्या नागपूरला जातो तेथे रेल्वे स्थानकासमोरच्या उड्डाणपुलाखाली दुकाने काढली गेली होती. पुढे रस्ता रुंद करावयाची वेळ आली तेव्हा दुकाने आणि पूल दोन्ही पाडावे लागले, आणि ज्यांनी विश्वासाने तेथे धंदा मांडला होता त्या दुकानदारांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

येथे एक गोष्ट मला स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून हा सारा युक्तिवाद निर्दयतेकडे झुकेल. चौकाच्या कडेला टोपली घेऊन बसणारी भाजीवाली, हातगाडीवर केळी विकणारा, चप्पल शिवणारा, यांच्याविरुद्ध मी एक अक्षरही बोलत नाही. गुजरी उठवून तिच्या जागी पक्के गाळे बांधावयाचे, त्या गाळ्यांचा लिलाव करावयाचा, आणि लिलावातील बोली त्या भाजीवालीला सात जन्मांत परवडू नये, हा प्रकार तर विरोधास दुप्पट पात्र आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने अशा विक्रेत्यांना संरक्षण दिले आहे. त्यांची पाहणी पुरी होईपर्यंत त्यांना हुसकावता येत नाही, आणि नगर विक्रय समितीत त्यांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. जो विरोध केवळ आपल्या खिडकीपुढची मोकळी जागा वाचविण्यासाठी, किंवा जुन्या दुकानदाराने नव्या दुकानदाराला रोखण्यासाठी केला जातो, त्याला मी लोकविरोध म्हणत नाही. विरोध करणाऱ्यांच्या सभेत भाजीवाली बोलली की नाही, यावरून मी त्या विरोधाची पारख करीन.

संविधानाची 74 वी दुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली आणि नगरनियोजन हा विषय नगरपालिकांच्या कामांत समाविष्ट झाला. परंतु प्रभाग समित्या सक्तीच्या झाल्या त्या तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या नगरांसाठी. आपल्यासारख्या लहान नगराला ती सक्ती नाही. म्हणजे मुंबई-नागपूरच्या नागरिकाला कायद्याने जो मंच दिला आहे, तो बालाघाटच्या नागरिकाला स्वतः उभारावा लागेल: गल्लीगल्लीत, मंदिराच्या ओसरीवर, शाळेच्या पटांगणात.

असा मंच नसला तरी साधने मात्र आहेत, आणि ती फार सोपी आहेत. मध्यप्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, 1973 प्रमाणे विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यावर कोणाही माणसाला लेखी हरकत घेता येते; ती जागेच्या मालकानेच घ्यावी असे बंधन नाही. नकाशात ती जागा कशासाठी दाखविली आहे, ती नझूलची आहे की नगरपालिकेची, ठराव कोणत्या सभेत झाला, निविदा निघाली की नाही, हे सारे माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. लखनौला जे सहा वर्षांनी उघड झाले त्यातील बहुतेक गोष्टी एका अर्जाने पहिल्या महिन्यात उघड होऊ शकतात. हरकत हा शब्द आपण अडथळ्याच्या अर्थाने वापरतो, म्हणून भल्या माणसांना तो उच्चारताना संकोच वाटतो. कायद्याच्या भाषेत मात्र हरकत म्हणजे नागरिकाचे निवेदन आहे, आणि ते ऐकून घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

माझी आपणा सर्वांना हात जोडून एवढीच विनंती आहे की यापुढे आपल्या कोणत्याही चौकात पत्र्याचे कुंपण उभे राहिलेले दिसले तर बांधकाम जोत्यापर्यंत येण्याची वाट पाहू नये. दुसऱ्याच दिवशी पाच-दहा शेजाऱ्यांनी मिळून ठरावाची आणि नकाशाची नक्कल मागावी, हरकत मुदतीच्या आत, लेखी, हिंदीत वा मराठीत जशी साधेल तशी द्यावी, आणि कचेरीतून निघण्यापूर्वी तिची शिक्क्यासह पोच घ्यावी.