निद्रा आणि भावनिक स्मृती
(वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. अपघाताचा तेवढा क्षण डोळ्यांसमोरून हलत नाही, आजूबाजूचे मात्र काहीच आठवत नाही, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी झोपेत दडलेले आहे.

झोप म्हणजे मेंदूची निव्वळ विश्रांती, हा समज दीर्घकाळ रूढ होता. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा जगासमोर मांडला आणि त्या समजास तडा गेला. पुढे १९९४ मध्ये विल्सन व मॅक्नॉटन यांना उंदरांमध्ये असे आढळले की, वाट चालताना हिप्पोकॅम्पस या भागातील ज्या पेशी एकत्र जागृत होतात, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र जागृत होतात. मेंदू जणू दिवसाची उजळणी करतो.

ही उजळणी सर्व गोष्टींची सारखी होत नाही. बदामाच्या आकाराचे अमिग्डाला हे केंद्र भीती, दुःख अशा प्रसंगांवर महत्त्वाची खूण करते. २००८ साली जेसिका पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना चित्रे दाखविली. एका चित्रात रस्त्यावर चुराडा झालेली मोटार होती. रात्रभर झोपून उठलेल्यांच्या स्मरणात मोटार टिकली, मागचा रस्ता पुसट झाला. दिवसभर जागे राहिलेल्यांच्या बाबतीत दोन्ही पुसट झाले. जर्मनीतील २००६ च्या एका अभ्यासात तर वाचनानंतर घेतलेल्या तीन तासांच्या झोपेचा भावनिक मजकुराच्या स्मरणावरील परिणाम चार वर्षांनंतरही दिसून आला.

मग दुःखद प्रसंगानंतर झोपूच नये काय? आमचे उत्तर 'नाही' असेच आहे. स्मृती टिकणे आणि तिची वेदना टिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. बर्कली येथील २०११ च्या अभ्यासात, रात्रीच्या झोपेनंतर तीच चित्रे पाहताना अमिग्डालाची प्रतिक्रिया सौम्य झालेली दिसली. २०१२ च्या दुसऱ्या अभ्यासात मात्र झोपेनंतर भावनेची तीव्रता तशीच राहिल्याचे आढळले. त्यामुळे झोपेने दुःख हमखास ओसरते, असे आश्वासन आम्ही देत नाही. परंतु जागरणाने थकलेले मन दुःख पेलू शकत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत. नातेवाइकांनी आळीपाळीने झोप घ्यावी. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये; झोल्पिडेम या औषधाने अप्रिय चित्रांची स्मृती अधिक पक्की झाल्याचे २०१३ मध्ये दिसून आले आहे. आणि भयस्वप्ने महिन्याहून अधिक काळ छळत राहिल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास संकोच करू नये.

देणगीदारांस एवढेच सांगावेसे वाटते की, रात्री मंद केलेला दिवा, शांत कक्ष आणि नातलगास पाठ टेकण्यापुरती स्वच्छ जागा, हीदेखील शुश्रूषाच आहे. यंत्रसामग्रीच्या यादीत तिचा उल्लेख होत नाही. आपल्या औदार्यात तिला स्थान मिळावे, ही नम्र प्रार्थना.